आधीच्या मालकाची डागडुजी

भोर आणि वेल्हे तालुक्यांत ज्या जुन्या जीपा आजही फिरताना दिसतात, त्यांतली क्वचितच एखादी पहिल्या मालकाकडे उरली आहे. कुणा बागायतदाराने किंवा ठेकेदाराने गाडी नवी घेतली, काही वर्षांनी ती वडापवाल्याकडे, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतूक करणाऱ्याकडे गेली, तिथून खतं-बियाणं आणि भाताची पोती वाहायला शेतावर आली, आणि शेवटी पुण्यातल्या एखाद्या हौशी माणसाने डोंगरात फिरायला म्हणून उचलली, असा तिचा साधारण प्रवास असतो. प्रत्येक मालकाने तिच्यात काहीतरी केलेलं असतं. कुणी स्प्रिंगचा पाटा वाढवला, कुणी वायर ओढली, कुणी गळती कशीबशी थांबवली. शेवटचा मालक मात्र म्हणतो, ‘गाडी जुनी आहे, त्रास देणारच.’ माझं म्हणणं असं की हा त्रास बहुतेक वेळा वयाचा नसतो, मधल्या हातांनी केलेल्या अर्धवट कामांचा असतो. म्हणून अशी गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम नवं काही बसवण्याचं नाही. ही अर्धवट कामं एकेक करून काढायची आणि गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या रचनेवर परत आणायची, हे पहिलं काम. टायर, बंपर, विंच आणि दिव्यांचा विचार त्यानंतर करावा.

या मुलखाला जीप का लागली, हे नकाशावर लगेच कळतं. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघर जलाशयाच्या कडेने जात वरंधा घाटात शिरतो, आणि पावसाळ्यात दरडी कोसळल्या की तो बंद पडतो. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात इतकं आतवर पसरलं, की समोर दिसणाऱ्या गावाला जायलाही लांबचा वळसा पडतो. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नाव बदललं तरी नसरापूरहून विंझर, वेल्हे करत केळदपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला फुटणाऱ्या वाड्या-वस्त्यांच्या वाटा तशाच ओढ्याच्या, चिखलाच्या आणि चढाच्या आहेत. एसटीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळेत इथे माणसं, दुधाचे कॅन आणि आजारी माणूससुद्धा जीपच वाहत आली. या जीपचा मूळ नमुना अमेरिकेच्या विलिस कंपनीचा. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून तशा सहा लाखांवर गाड्या बनवल्या. रणांगणावर एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावता यावा, मोजक्या पान्यांनी गाडी उघडता यावी, हाच तिच्या घडणीमागचा विचार होता. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने ती आपल्याकडे जुळवायला घेतली. सीजे ३बी आणि पुढे एमएम ५४०, ५५०, कमांडर यांच्यात चेसिस, पाटे आणि हौसिंग यांचा वंश तोच राहिला, इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घडणीचं डिझेल आलं. त्यांच्या जोडीला पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी. या गाड्यांचं वैशिष्ट्य असं की त्या पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त होण्यासाठीच बनल्या आहेत. त्यांचे भाग झिजतात आणि बदलता येतात. म्हणून तीस-पस्तीस वर्षांची जीप ‘संपली’ असं म्हणण्याआधी तिच्यात मूळचं काय उरलं आहे आणि मागाहून काय घुसलं आहे, हे तपासणं भाग आहे.

थर्मोस्टॅटचं उदाहरण घेऊ. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते, तिच्यात मेणाची डबी असते. इंजिन थंड असताना झडप मिटलेली राहते आणि पाणी आतल्या आत फिरतं. ८० अंशांच्या पुढे मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. घाट चढताना गाडी तापायला लागली की बऱ्याच गॅरेजांत पहिल्यांदा ही झडप काढून टाकतात. तापणं थोडं कमी होतं, त्यामुळे इलाज लागू पडला असं वाटतं. पण गाडी तापत होती ती झडपेमुळे नाही. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेला असतो, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कधीच काढून टाकलेलं असतं, वॉटर पंपाचा पट्टा सैल असतो. हे सगळं तसंच राहतं. आता झडप नाही म्हणून इंजिन सपाटीवर नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, खप वाढतो, सिलिंडर लवकर झिजतात, ओढ कमी वाटते. मग पुढचा मालक डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतो. गाडी काळा धूर ओकते, चढाला जास्त उष्णता तयार होते, रेडिएटर मात्र तोच तुंबलेला. एक दिवस वरंध्याच्या चढात हेड गॅस्केट जातं, आणि ‘इंजिन गेलं’ असा निकाल लागतो. इंजिन वयाने गेलेलं नसतं. रेडिएटर उतरवून साफ करायचं एका दिवसाचं काम दोन मालकांनी टाळलं, म्हणून ते गेलं.

या साखळीत जुगाडाचा सगळा स्वभाव दिसतो. जुगाड दोष घालवत नाही, दोषाचं लक्षण दडवतो. लक्षण दडलं की पुढच्या माणसाला मूळ कारण दिसत नाही, तो दुसऱ्याच ठिकाणी उपाय करतो, आणि त्या उपायातून नवा दोष जन्माला येतो. जुन्या जीपवर पैसे घालूनही समाधान मिळत नाही ते याच कारणाने. लोक साखळीच्या शेवटच्या कडीवर खर्च करतात, पहिली कडी जागेवरच राहते.

सगळ्यात लांब साखळी पाट्यांची असते, आणि या भागातल्या गाड्यांत ती हमखास सापडते. वडापच्या गाडीत मागे दाटीवाटीने माणसं आणि टपावर ओझी. मूळचे पाटे सपाट व्हायला लागले की मालकाने एकदोन जाड पाटे वाढवले. त्याच्या धंद्यापुरतं ते बरोबरही होतं. पण तीच गाडी पुढे दोनच माणसं घेऊन ओढ्यातून जायला लागते तेव्हा हा कडकपणा तिच्या मुळावर येतो. एक चाक दगडावर चढलं की पाटे दबत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं चाक जमिनीपर्यंत पोचत नाही, अधांतरी लटकतं. साध्या डिफरन्शिअलची रचना अशी, की दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. अधांतरी चाक फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. हवेतलं चाक गरगर फिरतं, गाडी जागेवर उभी. मालक म्हणतो, टायरला पकड नाही, आणि रुंद, उंच टायर घेतो. ते मडगार्डला घासतात म्हणून पाटे चेसिसला जोडणारे शॅकल लांब लावून गाडी उचलतो. शॅकल लांबवल्याने पुढचं हौसिंग किंचित फिरतं, आणि किंग पिनचा मागे असलेला जो झुकाव स्टीअरिंगला आपोआप सरळ आणतो, तो कमी होतो. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात. रुंद टायरचा भार किंग पिनच्या बेअरिंगवर आणि टाय रॉडच्या टोकांवर येतो. मग डांबरी रस्त्यावर ठराविक वेगाला, एखादा खड्डा लागताच, पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात आणि स्टीअरिंग हातात मावत नाही. त्यावर तोडगा म्हणून कुणी स्टीअरिंग डॅम्पर बसवतो. डॅम्परने थडथड थांबते, झीज चालूच राहते. एवढे पैसे घालून झाले, आणि दोष मुळात एवढाच होता की भार उतरला तरी वाढवलेले पाटे उतरले नाहीत.

हे उलगडायचं तर उलट्या क्रमाने जावं लागतं. शेवटी लावलेली वस्तू आधी काढायची. डॅम्पर सोडवला की थडथड पुन्हा दिसू लागते, आणि ती दिसणं हीच तपासणीची सुरुवात. पुढचा भाग जॅकवर उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकवायचा, चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून आत-बाहेर हलवायचं, आणि दुसऱ्याने चाकामागे वाकून पाहायचं. हबमागचा भागही हौसिंगपासून हलला तर दोष किंग पिनमध्ये. हब ड्रमसकट हलतो आणि मागचा भाग स्थिर राहतो तर चाकाच्या बेअरिंगमध्ये. मग चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवायचं. तेव्हा टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि स्टीअरिंग बॉक्स बोलू लागतात. याला यंत्र लागत नाही, दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. त्यानंतर शॅकल मूळ लांबीचे, टायर मूळ मापाचे, जादा पाटे बाहेर, उरलेले पाटे कमान करून घेतलेले, बुश नवे. एवढं झाल्यावर जीप ओढ्यात पुन्हा चारही चाकं टेकवून चालते, आणि कित्येकदा ज्यासाठी मोठे टायर घेतले होते ती गरजच उरत नाही. याच तपासणीत पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर आहे का तेही पाहावं. डिझेल वाचवायला म्हणून तो काढून ठेवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. आत दोन जादा लिव्हर दिसतात म्हणून गाडी चारही चाकांनी ओढते असं समजणाऱ्याला सत्य पहिल्या चिखलात कळतं.

पण पाट्यांच्याही आधी ब्रेक. या भागातल्या रस्त्यांवर चढण्यापेक्षा उतरणं जास्त घातकी आहे, आणि ब्रेकमधली डागडुजी बाहेरून अजिबात दिसत नाही. एका चाकाचा व्हील सिलिंडर गळायला लागला, भाग मिळेना, तर त्या चाकाकडे जाणारी नळी ठोकून चपटी करायची किंवा जोडात गोळी बसवून बंद करायची, हा जुना प्रकार. गाडी तीन चाकांवर थांबते, सपाटीवर चालकाला थोडं एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं, आणि त्याची सवय होऊन जाते. पावसात पाबे घाट उतरताना जोरात ब्रेक लागला की तीच ओढ गाडीला आडवी करते. जुन्या जीपांच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच कप्पा असतो, चारही चाकांचा दाब त्या एकाच वाटेने जातो. कुठेही एक नळी फुटली की पॅडल थेट तळाला. त्यात ब्रेक ऑइलची कहाणी वेगळीच. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ जातीचं ताजं तेल साधारण २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर तो आकडा १४० पर्यंत उतरतो. लांब उतारावर ड्रम तापले की तेलात वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पॅडल मऊ पडतं. कुणी अडीअडचणीला त्यात इंजिन ऑइल ओतलं असेल तर आतले सगळे रबरी कप फुगून निकामी झालेले असतात, आणि त्यावर कितीही चांगलं तेल घातलं तरी उपयोग नाही. इथे अर्धं काम नावाची गोष्टच नसते. चारही ड्रम उघडायचे, नळ्या शेवटापर्यंत हाताने चाचपायच्या, चपटी केलेली एकही ठेवायची नाही, मास्टर आणि चारही व्हील सिलिंडरचे किट बदलायचे आणि नवं तेल भरून हवा काढायची.

वायरिंगचं काम कंटाळवाणं म्हणून सगळ्यात जास्त टाळलं जातं. पिळून जोडलेल्या आणि टेपने गुंडाळलेल्या तारा, फ्यूजच्या जागी तांब्याची तार, हेडलाइटला बॅटरीवरून थेट ओढलेली लाइन, हे सगळं डॅशबोर्डमागे हात घातला की लागतं. इथे थोडं गणित मदतीला येतं. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर दहा अँपिअर घेतात. त्या जागी शंभर वॅटचे लावले तर सतराच्या घरात. तीच बारीक तार आणि तोच जुना स्विच एवढा प्रवाह सोसत नाहीत, तापतात, आणि दिव्यापर्यंत व्होल्टेज कमी पोचतं. दिव्याला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घसरतो. म्हणजे मोठे दिवे लावून अंधार वाढवला असा प्रकार होतो, आणि वर फ्यूजऐवजी तार असल्याने आगीचा धोका. मूळ मापाचे दिवे, एक रिले, नीट दाबून बसवलेली टोकं आणि चेसिसला घासून स्वच्छ लावलेली अर्थिंगची पट्टी एवढ्यात काम होतं. केळदच्या धुक्यात याचं मोल लगेच कळेल.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: नटबोल्टचे आटे. विलिसच्या वंशातल्या जीपचं चेसिस, हौसिंग, गिअर बॉक्स इंची आट्यांचे, आणि प्यूजोच्या घराण्यातलं इंजिन मेट्रिक. एकाच गाडीत दोन मापं. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि गॅरेजच्या डब्यात सगळ्यात सहज सापडणारा बोल्ट आठ मिलिमीटरचा. दोन्ही हाताला सारखेच लागतात. पण इंची जाड आट्यांत दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर, मेट्रिकमध्ये १.२५. मेट्रिक बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि मेस्त्री लांब पान्याने तो रेटतो. आटे चिरडले जातात, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण धरून काहीच नसतं. पुढच्या वेळी तो निखळतो, मग त्यात एम-सील भरतात, नाहीतर वेल्डिंगचा टाका मारतात. स्टीअरिंग बॉक्सचे किंवा हबचे बोल्ट अशा रीतीने बसवलेले असले तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो, इंची बोल्टवर आरे कोरलेले असतात. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याला महत्त्वाच्या जागी स्थान नाही. आटे मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. एकेक बोल्ट काढून, मोजून, भोकाला टॅप मारून किंवा नवी आटेदार वळी बसवून योग्य मापाचा बोल्ट लावणं हे काम कुणाला दिसत नाही, फोटोत येत नाही. तरीही मला वाटतं, दुरुस्तीची खरी परीक्षा इथेच होते.

चेसिसबद्दल थोडक्यात. भाताच्या खाचरातला चिखल चेसिसच्या पेटीत शिरतो, आत सुकतो, पुन्हा भिजतो, आणि लोखंड आतून खाल्लं जातं. विकायच्या आधी बाहेरून डांबरी काळा रंग मारला की सगळं सारखं दिसतं. हातोडीच्या टोकाने ठोकत गेलं तर धड लोखंड ठणठण वाजतं, सडलेलं बद्द आवाज देतं. पाट्यांच्या टेकणांपाशी आणि स्टीअरिंग बॉक्सपाशी हे नक्की करावं. बॉडीवर भरलेली लांबी ही दिसण्यापुरती फसवणूक, पण चेसिसवर गंजावरच मारलेली पट्टी ही जिवाशी गाठ असते, कारण पट्टी धरून राहते आणि तिच्या कडेचं पातळ लोखंड चिरतं. सडलेला भाग कापून काढायचा, नवं लोखंड जोडायचं, आणि वर शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी मारायची, म्हणजे ताण एकाच उभ्या रेषेवर येत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्त आहे. भर आषाढात घिसर किंवा पासलीच्या बाजूला गाडी बंद पडली, भोर-नसरापूरची दुकानं लांब, आत दवाखान्यात न्यायचं माणूस. तेव्हा तारेने, सुतळीने, साबणाच्या वडीने टाकीची गळती थांबवून ज्याने गाडी पोचवली, त्याच्या कामाला अर्धवट म्हणायचं का? अजिबात नाही. या मुलखातल्या लोकांची यंत्राशी असलेली ओळख वरवरची नाही. रायरेश्वराच्या पठारावर लोखंडी शिडीने जावं लागतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर खाली पूर्ण सुटा केला, भाग माणसांनी वर वाहून नेले आणि वर पुन्हा जोडला. ज्यांना हे जमतं त्यांना दुरुस्ती शिकवायची गरज नाही. माझा आक्षेप त्या रात्रीच्या जुगाडाला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला न नेता तोच जुगाड वर्षानुवर्षं ठेवण्याला आहे, आणि त्याहून जास्त, तो न सांगता गाडी विकण्याला आहे. चपटी केलेली ब्रेकची नळी घरी पोचेपर्यंत उपाय असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की तीच सापळा ठरते.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढं उलगडत बसण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी, किंवा आहे तशी चालवावी, असं लोक म्हणतात. नवी चार चाकी ओढीची गाडी या तालुक्यांतल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे, तेव्हा तो सल्ला शहरी आहे. आहे तशी चालवण्याचा हिशेब मात्र मांडून पाहावा. झडप काढणं, डिझेल वाढवणं, मोठे टायर, शॅकल, डॅम्पर, दर सहा महिन्यांनी क्रॉस, या सगळ्यावर झालेला खर्च मूळ दोष काढण्याच्या खर्चापेक्षा कमी कधीच नसतो. तो फक्त तुकड्या-तुकड्यांनी जातो म्हणून दिसत नाही. भाग मिळत नाहीत ही तक्रारही अर्धीच खरी आहे. जीपच्या घराण्यात इतकी वर्षं इतके भाग सारखे राहिले, की किंग पिन, क्रॉस, ऑइल सील, ब्रेक किट अजून नवे मिळतात, आणि जे नवे मिळत नाहीत ते पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवारी शोधले तर कित्येकदा हाती लागतात. फक्त शोधायला जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि माप घ्यावं. ‘बसेल’ या शब्दावर भाग घेतला की नव्या जुगाडाचा पाया घातलाच.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. कारखान्याची रचना म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. पुढे डिस्क ब्रेक, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, पॉवर स्टीअरिंग यांनी जुनी जीप खरोखरच सुरक्षित होते. हे मला पूर्ण मान्य आहे. पण सुधारणा आणि डागडुजी यांत फरक असा की सुधारणेत तिच्याशी जोडलेलं सगळं हिशेबात घेतलेलं असतं. डिस्क ब्रेक लावले तर मास्टर सिलिंडरचं माप, चाकाचं अंतर, मागच्या ब्रेकशी तोल, सगळं बदलावं लागतं. आणि हा हिशेब करायला आधी गाडी मूळ स्थितीत असावी लागते; वाकड्या हौसिंगवर पॉवर स्टीअरिंग लावलं तर ते वाकडेपणाच जोराने करेल. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा आणखी स्पष्ट केली. भंगारातून आणि लष्करी लिलावातून जोडून सजवलेल्या जीपांसाठी उत्तरेत डबवालीचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि तशा गाड्या महाराष्ट्रातही येतात. इंजिन बदललेलं, चेसिसचा आकडा घासलेला, आणि पुस्तकात तिसरंच काही, अशी गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये चार चाकीसाठी त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं होतं. त्या तपासणीला मूळ रचनेतली गाडी ताठ मानेने उभी राहते. अपघातानंतर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलांवर बोट ठेवते, हेही लक्षात असू द्यावं.

जे आज जुनी जीप चालवतात आणि उद्या विकणार आहेत, त्यांना एक विनंती आहे. गाडीच्या कप्प्यात एक साधी वही ठेवा. कोणता भाग कधी बदलला, कोणत्या मापाचा लावला, कोणती नळी तात्पुरती बंद केली, कुठला पाटा वाढवला, ते तारखेसह लिहा, आणि गाडी देताना नोंदणी पुस्तकाबरोबर ती वहीही द्या. जे विकत घेणार आहेत त्यांनी ही वही मागावी. नसेल तर किंमत ठरवण्याआधी चारही ड्रम उघडून पाहण्याची अट घालावी. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे पण ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे माहीत नाही, त्यांनी ते बदलल्याशिवाय यंदाच्या पावसात घाट उतरू नये.